सहा धुतलेले डॉलर

विसपुते साहेब कोणालाही पहिल्यांदा भेटले की आधी त्याच्या कानावरचे केस बघतात. चेहरा नंतर, नाव त्याच्याही नंतर. सात वर्षांपूर्वी मी सौदीतल्या जुबैलच्या प्लांटमध्ये वेल्डिंग इन्स्पेक्टर म्हणून रुजू झालो, तेव्हा मी हात पुढे करून उभा होतो आणि हा जाडजूड, चष्मेवाला गृहस्थ माझ्या डाव्या कानाकडे टक लावून बघत होता. मला वाटलं, दाढीचा साबण राहिला. मी कान पुसला. तेवढ्यात साहेब म्हणाले, "झिजायला लागलंय. पन्नास-बावन्न. गोसावी ना तू?"

मी काळजीखोर माणूस आहे हे आधीच सांगून टाकतो. गॅस बंद केला का हे बघायला जिन्यावरून दोनदा परत येणारा. त्यामुळे पन्नास-बावन्न म्हणजे माझा रक्तदाब, वय की नोकरीचे उरलेले दिवस, या विचारात पहिला आठवडा गेला. मग कोणीतरी सांगितलं की साहेबांना अमेरिकेतले जुने चांदीचे डॉलर जमवायचा नाद आहे आणि ते माणसांनाही त्याच मापाने मोजतात.

माप असं. त्या डॉलरवर एका बाजूला बाईचा चेहरा आणि दुसऱ्या बाजूला गरुड. नाणं खिशात, गल्ल्यात फिरलं की सगळ्यात आधी झिजतात ते बाईच्या कानावरचे केस, कारण तिथला भाग वर आलेला असतो. म्हणून पहिली नजर तिथे. मग गाल. गाल मोठा आणि गुळगुळीत, थैलीत नाण्यावर नाणं आपटून जे ओरखडे पडतात ते तिथेच दिसतात. हे सगळं बघून एक ते सत्तरमधला नंबर द्यायचा. साठच्या पुढचं नाणं म्हणजे कधी वापरलंच गेलं नाही. सत्तर म्हणजे निर्दोष. "सत्तर कुणी नसतं," असं साहेब म्हणायचे आणि वर माझ्याकडे असं बघायचे, की तू तर नाहीसच.

साहेब म्हणजे सिन्नरच्या सोनाराचा मुलगा. बापाकडून चांदीची जाण आली आणि नोकरी मिळाली लोखंड तपासायची. तीस वर्षांपूर्वी इथला एक म्हातारा अमेरिकन सुपरवायझर घर आवरून मायदेशी निघाला होता. साहेब त्याच्याकडे टेबल फॅन घ्यायला गेले आणि बिस्किटांच्या डब्यातले दोन डॉलर घेऊन आले. पंखा तिथेच राहिला. त्या दोनाचे पुढे एक्केचाळीस झाले. प्रत्येक डॉलर पारदर्शक डबीत, डब्या कपाटात, कपाटाची किल्ली साहेबांच्या बनियनच्या आत.

आम्ही एकाच इमारतीत राहायचो, ते पहिल्या मजल्यावर आणि मी दुसऱ्या. दोघांचीही फॅमिली इंडियात. शुक्रवारी चार वाजता फोन यायचा, "यल्ला, वर काय करतोस? खाली ये." खाली टेबलावर काळं फडकं, एक दिवा आणि माझ्यासाठी स्टूल. साहेब नाणं हातात द्यायचे आणि मी घेण्याआधीच ओरडायचे, "कडेला धर!" बोटाचा घाम लागला की डाग पडतो, म्हणून नाणं फक्त कडेला धरायचं. नाण्यावर बोलायचं नाही, कारण थुंकी उडते. शिंक आली तर बाहेर जाऊन शिंकायचं. मला हे सगळं ऐकूनच शिंक यायची.

"दिवा हलवू नको, नाणं हलव. उजेड फिरतोय का गोल? अख्खा फिरला पाहिजे. आता नंबर सांग."

"त्रेसष्ट?"

"घाई केलीस. गरुडाची छाती बघितलीच नाहीस."

हाच नंबर मग सगळ्याला लागायचा. माझा उपमा अठ्ठावन्न, म्हणजे जवळजवळ नवा पण हाताळलेला. कंपनीचा नवा मॅनेजर चौसष्ट, "चमक आहे, पण पोत्यात कोणाकोणावर आपटलाय ते दिसतं." माझ्या मेव्हण्याच्या लग्नाचे फोटो बघून नवरीला सहासष्ट दिला आणि मेव्हण्याबद्दल ते काही बोललेच नाहीत. मी एकदा विचारलं, "साहेब, तुमचा नंबर काय?" तर चष्मा काढून म्हणाले, "स्वतःचं नाणं स्वतः ग्रेड करायचं नसतं. माणूस तिथे हमखास खोटं बोलतो."

त्यांच्या शास्त्रात एकच महापाप होतं. नाणं धुणं. काळं पडलेलं नाणं काळंच ठेवायचं, तो काळेपणा म्हणजे त्याचं वय. एकदा घासलं की त्याला नंबरच मिळत नाही, कायमचं बाद.

आणि हे पाप त्यांच्याच घरात घडलं. चार वर्षांपूर्वी साहेबांच्या पत्नी, कुमुदवहिनी, व्हिजिट व्हिसावर आल्या होत्या. दिवाळी होती. साहेब शिफ्टला गेलेले आणि कपाट नेमकं उघडं राहिलेलं. लक्ष्मीपूजनाला घरात चांदी आहे आणि ती अशी काळीठिक्कर, हे वहिनींना बघवेना. त्यांनी सहा डॉलर डब्यांतून काढले आणि दातांच्या पांढऱ्या पावडरीने लख्ख घासले. साहेब घरी आले, तर ताटात फराळाशेजारी सहा नाणी झगझगत होती. मी फराळाला बोलावलेला, त्यामुळे हे मी डोळ्यांनी बघितलं. साहेब सोफ्यावर बसले आणि एवढंच म्हणाले, "खलास."

वहिनींना कळेना काय झालं. "अहो, इतकी वर्षं काजळी लावून ठेवली होती बिचारीला," त्या म्हणाल्या. "आता बाईचं तोंड तरी दिसतंय."

साहेब दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. बोलायला लागले तेव्हाही त्या विषयावर नाही. वहिनी परत जाईपर्यंत त्या कपाटाच्या बाजूने अंग चोरून चालायच्या. पुढेही फोनवर दर दिवाळीला विचारायच्या, "तुमचा राग गेला का हो?" आणि साहेब म्हणायचे, "कसला राग? जेवलीस का?" ती सहा नाणी त्यांनी एका रुमालात बांधून खणात मागे टाकून दिली होती.

गेल्या वर्षीपासून शुक्रवारचा रिवाज थोडा बदलला. साहेब म्हणायला लागले, "आधी तू सांग." मी नंबर सांगायचा, ते मान डोलावायचे. कधी म्हणायचे, "कसं काय?" मग मी कान, गाल, गरुड, सगळं वाचून दाखवायचो. मला वाटलं माझी परीक्षा चालली आहे. मनातून सुखावलोसुद्धा, की चला, आपल्याला काहीतरी येतंय.

मग एका शुक्रवारी मी त्यांच्या हातात डॉलर दिला. साहेबांनी तो दिव्याखाली धरला, भिंग लावलं, गोल फिरवला आणि म्हणाले, "गाल बरा आहे हिचा."

दिव्याकडे गरुडाची बाजू होती.

मी तसाच चहा घेतला, वर आलो आणि खुर्चीत बसलो. साहेबांना मधुमेह होता हे माहीत होतं. शुगर डोळ्यात उतरली असणार. आणि हा माणूस रोज प्लांटमध्ये पाइपांचे जोड डोळ्यांनी तपासून 'ठीक आहे' अशी सही करत होता. त्या पाइपांतून दाबाखाली वाफ जाणार होती, आणि शेजारून माणसं.

दुसऱ्या दिवसापासून मी जेवणाच्या सुट्टीत टॉर्च घेऊन साहेबांनी पास केलेले जोड पुन्हा तपासायला लागलो. डोळ्यांत तेल घालून. त्यांच्या पिवळ्या खुणेशेजारी माझं बारीक टिंब. कधी वाटायचं, मॅनेजरला सांगावं. मग वाटायचं, सांगितलं की साहेबांचं इन्स्पेक्शन बंद, ते बंद की इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, रद्द, आणि फायनल एक्झिट, कायमचं घरी. साठीला, म्हणजे रिटायरमेंटला, दीड वर्ष उरलेलं, आणि ज्याने मला शिकवलं त्याचीच मी तक्रार करायची. आणि नाही सांगितलं आणि एक जोड फुटला तर? माझी झोप उडाली. बायको फोनवर म्हणाली, "परत गॅसचं का?" मी म्हटलं, हो, गॅसचंच.

आमच्या कामात दर वर्षी डोळ्यांची तपासणी असते. डॉक्टर वीतभर अंतरावर एक कार्ड धरतात आणि त्याच्यावरची बारीक अक्षरं वाचायची. गाडी तिथेच अडेल, आपल्याला काही करावं लागणार नाही, असं मी स्वतःला समजावत होतो. मग एका सकाळी साइटवर जाताना शेजारच्या सीटवर साहेब डोळे मिटून काहीतरी पुटपुटताना ऐकले. मला वाटलं स्तोत्र. कान दिला तर इंग्रजी. कुठल्याशा माळ्याबद्दल, त्याच्या बागेबद्दल. आमच्या क्लिनिकात सात वर्षं तेच एक कार्ड आहे. त्याच्यावरच्या उताऱ्यातला तो माळी मलाही तोंडओळखीचा होता, पण साहेबांना तो पूर्णविरामासकट पाठ झाला होता.

तपासणीच्या आधीच्या शुक्रवारी फोन आला. खाली गेलो. काळं फडकं होतं, दिवा होता, नाणं नव्हतं.

"बस," साहेब म्हणाले. "माझ्या खुणेशेजारी टिंब कोण काढतं रे?"

"तुम्हाला दिसलं?"

"मला काय दिसणार? फिटरने सांगितलं. गोसावी सर पण चेक करतात म्हणाला." त्यांनी चष्मा काढून फडक्यावर ठेवला. "किती सापडले?"

खोटं बोलावंसं फार वाटलं. एकही नाही, असं म्हणून वर निघून जावंसं वाटलं. पण सात वर्षं त्या स्टुलावर बसून घाई न करता खरा नंबर सांगायची सवय लागली होती.

"एक," मी म्हटलं. "वेल्डच्या कडेला खाच होती. मी दुरुस्त करून घेतली."

साहेब मान खाली घालून फडक्याची चुणी सरळ करत बसले. चुणी होतीच, पण त्यांचा हात फिरत होता तिथे नाही, थोडी बाजूला.

"मी ते कार्ड पाठ केलंय," ते म्हणाले.

"माहीत आहे साहेब."

"आता तू मला सांग. मी सही करावी का?"

"मला कशाला विचारता साहेब? मी तुमच्यापेक्षा..."

"स्वतःचं नाणं स्वतः ग्रेड करायचं नसतं. इतके शुक्रवार तुझे डोळे तयार केले ते काय उपमा खायला? घाई करू नको. नीट बघ आणि सांग."

मी त्यांच्याकडे बघितलं. खरं सांगतो, मला रडू येत होतं आणि स्वतःचाच राग येत होता, की या माणसाच्या कानावरचे केस इतके पांढरे कधी झाले ते मी बघितलंच नाही. मी म्हटलं, "साहेब, सही करू नका."

ते दिवा बंद करून म्हणाले, "बरोबर."

क्लिनिकमध्ये त्यांच्या मागे माझाच नंबर होता. डॉक्टरांनी कार्ड वर धरलं, तर साहेब म्हणाले, "डॉक्टर, हे मला पाठ आहे. दुसरं काही असेल तर द्या." डॉक्टरांनी औषधाच्या खोक्यातला कागद उलगडून दिला. साहेबांनी तो जवळ धरला, लांब धरला आणि घडी घालून परत दिला.

पुढचे दोन महिने कागदपत्रांत गेले. कपाटातले पस्तीस डॉलर जवळच्या खोबर शहरातल्या एका संग्राहकाने विकत नेले. निघायच्या दिवशी दुपारी मी साहेबांना दम्मामच्या विमानतळावर सोडायला गेलो. पासपोर्ट, तिकीट, गोळ्या, सगळं मी चार-चारदा तपासत होतो. हातातल्या बॅगेत रुमालाची पुरचुंडी लागली. उघडली तर ती सहा नाणी.

"साहेब, चांगली सगळी दिलीत आणि ही बाद नाणी घेऊन चाललात?"

त्यांनी एक उचललं आणि काचेतून येणाऱ्या उन्हात धरलं. "बाकीची सगळी मला काळी दिसतात रे आता," ते म्हणाले. "ही तेवढी दिसतात. कुमुदला फोन लाव, मला ते बारीक आकडे जमत नाहीत."

मी फोन लावला, स्पीकर सुरू करून त्यांच्यापुढे धरला.

"अगं, निघतोय," साहेब म्हणाले. "ती सहा नाणी आणतोय."

पलीकडे वहिनी जरा दबकल्या. "कुठली? मी घासलेली?"

"हो. तीच." साहेबांनी घसा साफ केला. "बाईचं तोंड दिसतंय त्यांच्यावर. बरं केलंस."

मला वाटलं फोन कट झाला. मग हळूच आवाज आला, "जेवलात का?"

"जेवलो," साहेब म्हणाले. ते त्या दिवशी काहीच जेवले नव्हते, हे मला माहीत होतं. मी फोन धरून उभा होतो आणि माझं लक्ष त्यांच्या हाताकडे गेलं. डॉलर त्यांनी कडेला धरला नव्हता. तो अख्खा तळहातावर होता आणि साहेबांचा अंगठा बाईच्या गालावरून सावकाश फिरत होता.