सगळ्यांना हो

रविवारी दुपारी चष्मेवाल्यानं बायकोच्या फोटोचं पेन्सिलचित्र केलं आणि बायको चक्क खूश झाली. तिथूनच सगळं बिनसलं.

चष्मेवाला म्हणजे चष्म्याच्या दुकानात नोकरी करणारा माणूस. दिवसभर लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावायची, भिंगं बदलायची आणि 'आता कसं दिसतं?' असं विचारत राहायचं. दुकानातल्या सहकाऱ्यानं त्याला फोटोंचं एक सॉफ्टवेअर दिलं होतं. फोटो उघडायचा, 'पेन्सिल' या खुणेवर क्लिक करायचं आणि एक पट्टी सरकवायची. डावीकडे फिकट रेघा, उजवीकडे गडद कोळसा. बायकोच्या फोटोला त्यानं पट्टी मधोमध थांबवली. हनुवटीखाली अलीकडे जे काही जमा झालं होतं, ते पेन्सिलीनं सभ्यपणे सोडून दिलं होतं. बायको बराच वेळ पडद्यापुढून हलली नाही. मग म्हणाली की लग्नापासून आजवर तिचा एकही फोटो असा आलेला नाही.

कौतुकाची सवय नसलेल्या माणसाला ते लगेच चढतं. आणखी शोधाशोध करताना चष्मेवाल्याला दिसलं की सॉफ्टवेअर एका दमात अख्ख्या फोल्डरची चित्रं करून देतं. संगणकात घरचे चारशे बारा फोटो होते. सासऱ्यांच्या जुन्या अल्बमांना कपाटामागची ओल लागली होती, म्हणून गेल्या वर्षी त्यानंच एकेक फोटो स्कॅन केला आणि उगीच जागा कशाला अडवायची म्हणून अल्बम रद्दीत दिले. मागच्या महिन्यात स्वतःच्या आणि बायकोच्या मोबाइलमधले फोटोही त्यानं त्यातच नेऊन टाकले. मोबाइल हलके झाले म्हणून बायकोनं तेव्हाही कौतुक केलं होतं.

सॉफ्टवेअरनं विचारलं, 'मूळ फाइलींवर लिहायचं का?' खाली तीन चौकटी होत्या: हो, नाही, सगळ्यांना हो. पेन्सिलीनं फोटोंवर लिहायचं हेच तर काम, असं समजून त्यानं तिसरी चौकट दाबली. चहा पिऊन येईपर्यंत चारशे बारा चित्रं तयार होती. त्यानं मूळचे फोटो कुठे आहेत ते पाहिलं. नव्हते. दुसऱ्या फोल्डरमध्ये पाहिलं, कचऱ्याच्या डब्यात पाहिलं, संगणक बंद करून चालू केला. मग तो खुर्चीत तसाच बसून राहिला. तेवढ्यात बायकोनं बाहेरून हाक मारली, चित्रं टीव्हीवर लाव, दादांना दाखवू.

दादा म्हणजे तिचे वडील. सासूबाई गेल्यापासून ते लेकीकडेच राहत होते. छत्तीस वर्षं शहराची बस चालवली, पण रस्त्यात आडवं येणाऱ्यालाही कधी शिवी दिली नाही, अशी त्यांची ख्याती. ते टीव्हीसमोर बसले आणि प्रत्येक चित्राला मान डोलावू लागले. मग सासूबाईंचं चित्र आलं. कॅमेरा दिसला की त्या शाळेत उभं केल्यासारख्या ताठ व्हायच्या. हसतानाचा त्यांचा एवढा एकच फोटो होता. बसमध्ये ड्रायव्हरच्या जागेवर बसून, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून त्या खळखळून हसत होत्या. चित्रात मात्र दातांच्या जागी आडव्याउभ्या रेघांची जाळी आली होती. सासूबाईंनी तोंडात चाळणी धरल्यासारखं दिसत होतं.

दादांची डोलणारी मान थांबली.

"छान केलंय तुम्ही," ते म्हणाले. "मूळचा फोटो आहे ना पण?"

"आहे ना," चष्मेवाला म्हणाला.

सोमवारी संध्याकाळी दादांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, तो फोटो छापून मिळेल का. चष्मेवाल्यानं सांगितलं, संगणक फार हळू चालतोय. मंगळवारी प्रिंटरची शाई संपली. बुधवारी छापणाऱ्याचं दुकान बंद निघालं. मधल्या वेळेत त्यानं जमेल ते केलं. पट्टी पार डावीकडे ओढली, तर सासूबाई पुसल्या जाऊन नुसतं स्टिअरिंग उरलं. गेलेले फोटो परत आणणारं दुसरं सॉफ्टवेअर वापरलं, त्यानं जाहिराती तेवढ्या आणल्या. शेवटी माउस धरून स्वतःच दात काढायला बसला आणि हसतं कणीस तयार झालं. सहकारी म्हणाला, "वरून लिहिलं की गेलं, बाबा." बायकोला सांगावं असं रोज दुकानातून निघताना त्याच्या मनात यायचं आणि जिना चढेपर्यंत जायचं.

गुरुवारी दुपारी दादा 'जरा जाऊन येतो' म्हणून बाहेर पडले. सहा वाजले तरी आले नाहीत. त्यांचा मोबाइल चार्जिंगला लावलेला घरातच होता. नवराबायकोनं बाग पाहिली, वाचनालय पाहिलं, दवाखाना पाहिला आणि पोलीस ठाणं गाठलं. हवालदारानं सगळं लिहून घेतलं आणि फोटो मागितला. बायकोनं मोबाइल काढला. त्यात दादा नव्हते. नवऱ्याच्या मोबाइलमध्येही नव्हते.

"संगणकात असतील की," ती म्हणाली.

तेव्हा, पोलिसांच्या टेबलासमोर, चष्मेवाल्यानं खरं काय ते सांगितलं. बायकोनं नुसतं त्याच्याकडे पाहिलं, आणि हवालदारानं मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं.

नाइलाजानं चित्र द्यायचं ठरलं. घरी जाऊन त्यातल्या त्यात बरं शोधलं: कानटोपी आणि मफलर घातलेले दादा. कोळसा जरा जास्त झाला होता. गाल आत गेले होते, डोळ्यांभोवती काळी कुंडं पडली होती, आणि चष्म्याची बारीक काडी पेन्सिलीला दिसलीच नव्हती. हवालदारानं चित्र हातभर लांब धरून पाहिलं.

"साहेब, असं चित्र आम्ही चोराचं काढतो," तो म्हणाला. "हरवलेल्या माणसाचा फोटो लागतो."

तरी त्यानं ठेवून घेतलं. बायकोनं तेच चित्र इमारतीच्या ग्रुपवर टाकलं, खाली 'या गृहस्थांना पाहिल्यास ताबडतोब कळवा' असं लिहून आपला नंबर दिला. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी ते मनापासून सगळीकडे पाठवलं. अर्ध्या तासानं तेच चित्र बायकोच्या आत्तेबहिणीकडून तिच्याकडे परत आलं, तेव्हा गृहस्थांचा इसम झाला होता. आणखी थोड्या वेळानं 'सावधान' आलं. हा इसम दुपारी घरात एकट्या असलेल्या बायकांकडे पाणी मागतो, आणि पाणी आणायला आत गेलं की हात साफ करतो.

मग फोन सुरू झाले. औषधाच्या दुकानात लोकांनी एकाला धरून ठेवलं होतं. हे दोघं धावत गेले, तर ते निवृत्त मुख्याध्यापक निघाले. त्यांनी चष्मेवाल्याला अर्धा तास सुनावलं, शिवाय संदेशातल्या ऱ्हस्वदीर्घाच्या तीन चुका काढून दाखवल्या. दुसऱ्या एकाला त्याच्याच घराच्या फाटकात अडवलं होतं, कारण त्यानं नातवाकडे पाणी मागितलं. चष्मेवाला दोन्हीकडे हात जोडून उभा राहिला. कानटोपी घातली की सगळे म्हातारे सारखेच दिसतात, हे त्याला कळलं. पण दादांना ओळखायची दुसरी काय खूण सांगावी, ते त्याला सुचेना. तीळ होता का? कुठल्या गालावर? अकरा वर्षं एका घरात राहून, दुकानात त्यांचे डोळे दोनदा तपासून, त्याला आठवत नव्हतं.

रात्री नऊला बसडेपोतून फोन आला. बोलणारा माणूस तिथला कंट्रोलर होता. तो म्हणाला, चोर अजून सापडलेला नाही, पण इथं एक आजोबा आहेत, ते मघापासून हा नंबर लावायला सांगतायत आणि लाइन लागतच नाहीये.

डेपोच्या फाटकात दादा दोन कंडक्टरांना हाताशी घेऊन उभे होते आणि आत येणाऱ्या प्रत्येक बसमध्ये चढून उतारूंचे चेहरे न्याहाळत होते. ते रात्री घरी परतायला डेपोत आले, तेव्हा कंट्रोलरच्या मोबाइलवर त्यांना ते चित्र दिसलं होतं, आणि खाली नंबर लेकीचा. चोर लेकीच्याच घरात शिरला असं त्यांनी धरलं. फोन लागेना, तेव्हा जीव आणखी घाबरा झाला. पळणारा माणूस बसच धरणार, या अनुभवाच्या हिशेबानं त्यांनी फाटक सोडलं नव्हतं. लेक रडत येऊन बिलगली, तर ते तिच्या डोक्यावरून पलीकडे बघत होते.

"तू बाहेर कशाला पडलीस?" ते म्हणाले. "तो फिरतोय अजून. नजर बघितलीस का त्याची?"

"दादा," चष्मेवाला म्हणाला, "ते तुम्ही आहात."

दादांनी कंट्रोलरचा मोबाइल मागून घेतला. जवळ धरला, लांब धरला. "यात माझा चष्मा कुठंय?" त्यांनी विचारलं. दोन्ही कंडक्टरांना एकाएकी कामं आठवली होती.

घरची बस यायला वेळ होता. तिघं बाकावर बसले. दादा शहराच्या दुसऱ्या टोकाला, मेहुणीकडे गेले होते. तिच्याकडे त्या फोटोची प्रत असेल, अशी त्यांना आशा होती.

"मूळचा फोटो गेलाय, हे मला रविवारीच कळलं," ते म्हणाले.

"मग रोज विचारत का होतात?" चष्मेवाल्यानं विचारलं.

"तुम्ही सांगाल म्हणून."

दादांनी खिशातून पाकीट काढलं. मेहुणीकडे तो फोटो नव्हता, त्याच्या पुढचा होता. तीच बस, तेच स्टिअरिंग. पण सासूबाईंना आपण हसतोय याचं भान आलं होतं आणि त्यांनी तळहातानं तोंड झाकलं होतं. दिसत होते ते बारीक झालेले डोळे. बायकोनं ओंजळीत धरून फोटो पाहिला.

"मी हा उद्या नीट स्कॅन करतो," चष्मेवाला म्हणाला, आणि त्यानं हात पुढे केला. "दोन प्रती काढून..."

"तू हात लावू नकोस," दादा म्हणाले.

अकरा वर्षांत सासऱ्यांनी त्याला पहिल्यांदाच अरेतुरे केलं होतं. बायकोनं चमकून पाहिलं. चष्मेवाल्यानं हात मागे घेतला आणि मांडीवर ठेवला, आणि त्याला जरा हलकंही वाटलं, जरा रडूही आलं.

बस आली. ती निम्मी रिकामी होती. दादा खिडकीशी बसले, शेजारी लेक. दोन थांब्यांनंतर पुढच्या बाकावरच्या बाईंनी दादांकडे पाहिलं, मोबाइलकडे पाहिलं, पुन्हा दादांकडे पाहिलं आणि पर्स छातीशी ओढली. मागून कोणीतरी कुजबुजलं.

चष्मेवाला आपल्या जागेवरून उठला आणि दादांच्या बाकाशी जाऊन, वरचा दांडा धरून उभा राहिला.

"हे माझे सासरे आहेत," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "चित्र मी केलंय."

मग घर येईपर्यंत तो तसाच उभा राहिला. कंडक्टरनं दोनदा सांगितलं, जागा आहे, बसून घ्या.