दगडूतात्यांचं बंदर

आमच्या दगडूतात्यांना तहसील कचेरीचा पत्ता विचारू नये. एसटी स्टँडवर उतरलेल्या नवख्या माणसाला ते सांगतात, "मारुतीपाशी पोर्टला वळा, मग टाकीपास्नं स्टारबोर्ड." मागं सातबाऱ्यासाठी आलेले एक पाहुणे या वाटेनं थेट स्मशानात पोचले होते. पोर्ट म्हणजे डावीकडे आणि स्टारबोर्ड म्हणजे उजवीकडे, हे मी त्यांना ते परत आल्यावर सांगितलं.

तात्या माझे शेजारी. बावीस वर्षं नौदलात होते. आमच्याकडे घरटी एक माणूस फौजेत, पण सगळे पायदळात. समुद्रावर गेलेले तात्या एकटेच. निवृत्त होऊन आले आणि त्यांनी अख्खं गाव पाण्यावर नेऊन ठेवलं. आमचं गाव तालुक्याचं, पलूसपासून फार लांब नाही. एक कचेरी, एक कोर्ट, आठवड्याचा बाजार, तीन बाजूंना ऊस आणि चौथीकडे कृष्णा. तात्यांच्या लेखी हे बंदर. घाट म्हणजे धक्का, पैलतीराला जाणारी नाव म्हणजे जहाज. किनाऱ्याचं गाव आहे आपलं, असं ते तहसीलदारांनाही ऐकवून आले. समुद्र डोंगरांच्या पलीकडे, कोकणात राहिला म्हटलं तर म्हणतात, "पाणी हाय का न्हाई? मग झालं की."

रोज संध्याकाळी बायकोची, म्हणजे आमच्या शालनकाकींची, चाकांची खुर्ची ढकलत ते घाटावर जातात. अर्धांगाचा झटका आल्यापासून काकी फार बोलत नाहीत. तात्या पाण्याकडे बघून त्यांना वारा, भरती, ओहोटी असलं काहीबाही सांगत बसतात. आम्ही सगळे हसायचो. मी जरा जास्तच.

श्रावणात आमच्याकडे होड्यांच्या शर्यती होतात आणि आमची होडी दरवर्षी शेवटची येते. यंदा चहाच्या गाड्यावर कुणीतरी म्हणालं, बंदर म्हणवता आणि होडी हाकता येत नाही. तात्यांनी कप खाली ठेवला. "ह्या साली हारलो, तर बंदर म्हून पुन्यांदा तोंडातनं काढणार न्हाई."

चला, सुटलो, असं मला वाटलं. आज ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

तात्यांनी तालमीतले आठ गडी धरले, घाटाच्या पायऱ्यांवर दोन रांगांत बसवले, हातात फावडी दिली आणि महिनाभर कोरड्या हवेत वल्हवायला लावलं. पोर्ट म्हटलं की डावी रांग, स्टारबोर्ड म्हटलं की उजवी. बघायला गर्दी जमायची. एक गडी तर घरी बायकोला मीठ स्टारबोर्डला सरकव म्हणाला आणि उपाशी उठला.

शर्यतीच्या दिवशी काकींची खुर्ची माझ्या ताब्यात होती. दोन्ही काठ माणसांनी भरलेले. होड्या पुलाच्या खांबांपाशी आल्या आणि दरसालचाच घोळ सुरू झाला. ज्याला त्याला आपल्या होडीला शहाणपण शिकवायचं होतं. या काठावरून डावीकडं ओढा, त्या काठावरून उजवीकडं ओढा. वल्हेकरी ऐकणार तरी कुणाचं? पुढच्या दोन होड्या एकमेकींवर आदळल्या, तिसरी खांबाला जाऊन चिकटली. आमच्या गड्यांना मात्र महिनाभरात डावं-उजवं कळेनासंच झालं होतं. त्यांना फक्त सुकाणूवरच्या तात्यांचं पोर्ट ऐकू येत होतं. आमची होडी त्या गोंधळातून सुईसारखी निघाली आणि दोन होड्यांचं अंतर राखून पहिली आली.

घाट गुलालानं लाल झाला. माझा घसा बसला. गड्यांनी तात्यांना खांद्यावर घेतलं, मंचावरून ढाल घ्यायला बोलावणं आलं, पण तात्या खाली उतरले आणि निथळत सरळ आमच्याकडे आले. काकींच्या पायाशी बसले.

"गुरुजी," ते मला म्हणाले, "दर सुट्टीला हिला म्हनायचो, फुडच्या साली समुद्र दावतो. बावीस वर्सं म्हनलो. आता हिला गाडीत बसवत न्हाई. मग हितंच आणला." आणि काकींकडे वळून हळूच म्हणाले, "शालन, बंदर ऱ्हायलं गं आपलं."

काकींनी चालत्या हातानं त्यांच्या मिशीवरचा गुलाल पुसला. नजर पाण्याकडे वळवली. मग एकेक शब्द जुळवत म्हणाल्या, "आज... लाटा... लय मोठ्या हायत."

मी पाण्याकडे पाहिलं. खरंच होत्या.