टबाने वाचवलेलं पाणी

माझ्या पत्नीची एकच इच्छा होती आणि ती बेकायदेशीर नव्हती. तिला एकदा गळ्यापर्यंत गरम पाण्यात बसायचं होतं आणि तेवढा वेळ बाहेरून कुणी दार वाजवायचं नव्हतं. त्या सुमारास आमच्या गल्लीत नळ पहाटे पाच चाळीसला यायचा आणि सहा वीसला जायचा. त्या चाळीस मिनिटांत पिंप, हंडे, बादल्या, कुकर आणि वेळ पडली तर फुलदाणीसुद्धा भरायची असायची. अशा गल्लीत गळ्यापर्यंत पाण्याची गोष्ट शहाणी माणसं तोंडातून काढत नाहीत. ती मात्र तीस वर्षं काढत होती.

ही तीस वर्षं तिने धक्क्यावर, बोटीच्या तिकीट खिडकीत घालवली. समोर नजर पोचेल तिथवर पाणी आणि घरी बादल्यांचा हिशेब. ती निवृत्त झाली, तेव्हा जावईबापूंनी दोन रात्रींचं कूपन आणून दिलं. जावईबापूंची कंपनी हॉटेलांना कागदी स्ट्रॉ पुरवते. हे हॉटेल धक्क्याला लागूनच, ऐन पाण्यावर, अकरा महिन्यांपूर्वी उघडलं होतं. पंचतारांकित आणि पर्यावरणस्नेही.

"आई, खोलीत टब आहे," लेक म्हणाली.

पत्नीने त्याच संध्याकाळी बॅग भरली. निघायला आठ दिवस होते.

मी एका सरकारी खात्यात जावक कारकून आहे. छापील कागदावर माझी श्रद्धा आहे आणि त्यावर क्रमांक असेल तर भक्ती. त्यामुळे हॉटेल मला पाहताक्षणीच आवडलं. तिथे प्रत्येक वस्तूवर एक सूचनापत्र होतं. खुर्चीवर ती कुठल्या पडक्या गोदामाच्या तुळईची आहे ते लिहिलं होतं आणि दिव्यावर तो का लावू नये ते.

लॉबीत तीन मजली उंच भिंतीवरून पाणी अखंड कोसळत होतं. पत्नी जागीच थांबली. सवयीने तिची नजर आजूबाजूला बादली शोधू लागली.

"मॅडम, ते पाणी वापरासाठी नाही," स्वागतिका म्हणाली. "जाणिवेसाठी आहे."

"चोवीस तास असतं?"

"हो. जाणिवेत खंड पडून चालत नाही."

खोलीतला टब लेकीने सांगितल्यापेक्षा मोठा होता. पांढराशुभ्र, खिडकीला लागून, बसल्या जागी धक्का दिसेल असा. त्यात गुळगुळीत गोटे पसरले होते, गोट्यांत नेच्याच्या तीन कुंड्या होत्या आणि कुंड्यांच्या मध्ये सूचनापत्र होतं: 'या टबाने आजवर नऊ लाख लिटर पाणी वाचवले आहे.'

"म्हणजे यात पाणी सोडायचं नाही?" पत्नीने विचारलं.

मी खाली फोन केला. हरित अधिकारी म्हणून एक तरुण वर आला. त्याचा गणवेश चुरगळलेला होता, कारण इस्त्रीला वीज लागते. चुरगळण्याची पद्धत मात्र सगळ्या कर्मचाऱ्यांची एकसारखी होती.

"सर, हा टब भरला तर तीनशे लिटर जातात. भरला नाही तर तीनशे वाचतात," तो म्हणाला.

"अकरा महिन्यांत नऊ लाख?"

"दिवसाला नऊ आंघोळी धरल्या आहेत. पंचतारांकित निकष आहे."

"पण मग टब बसवलाच नसता तर?"

त्याने माझ्याकडे कीव करत पाहिलं. "तर वाचलं काय असतं, सर?"

मला हे लगेच पटलं. आमच्या खात्यातही न केलेल्या कामाचा अहवाल दरवर्षी वाढत्या आकड्यांनिशी वर जातो.

आंघोळीसाठी कोपऱ्यात काचेआड शॉवर होता. तो नव्वद सेकंद चालायचा, मग तांबडा दिवा लागायचा आणि पुढची वीस मिनिटं चिडीचूप. पत्नीने बादली मागितली. बादली प्लास्टिकची असते असं कळवण्यात आलं. त्या संध्याकाळी ती अंगाला साबण लावून वीस मिनिटं काचेआड उभी राहिली आणि मी बाहेरून तिला किती मिनिटं उरली ते सांगत राहिलो. घरी दार वाजवणारे निदान घाई तरी करतात.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाच चाळीसला तिला जाग आली. त्या वेळेला आमच्या गल्लीतलं कुणीही, कुठेही असलं तरी जागं होतं. आणि जाग आल्यावर हाताला तोटी लागली, की ती सोडून समोर असेल ते भांडं भरायचं, हे आमच्या हाडीमाशी खिळलं आहे. तिने बर्फाची बादली काचेआड धरली. नव्वद सेकंदांत ती भरली, मग किटली, मग चार पेले, मग शॉवर कॅप. तांबडा दिवा लागल्यावर ती टबाकडे वळली. नेच्याच्या कुंड्या तिने अदबीने बाल्कनीत नेऊन ठेवल्या, गोटे माझ्या बनियनमध्ये बांधले आणि आठ लिटर पाणी टबात ओतलं.

"दर वीस मिनिटांनी आठ लिटर," ती म्हणाली. "दुपारी दोनपर्यंत गळ्याला लागेल. अहो, तुम्ही फक्त घड्याळ बघा."

मी घड्याळ बघितलं. खरं सांगायचं तर माझ्या नोकरीतलं कुठलंच काम मी इतक्या मन लावून केलेलं नाही. निवलेलं पाणी ती किटलीत पुन्हा उकळून टबात घालत होती आणि चक्क गुणगुणत होती. साडेअकराला टब अर्धा भरला. तिने काठावर बसून पाय आत सोडले आणि डोळे मिटले. तेवढ्यात दार वाजलं.

हरित अधिकारी दोन मदतनिसांना घेऊन आला होता. "सर, आपल्या खोलीने सकाळपासून अठरा आंघोळी केल्या आहेत."

"एकही केलेली नाही," पत्नी आतून म्हणाली.

"मॅडम, ते तर जास्तच गंभीर आहे. आंघोळ केली तर तो वापर होतो. न करता पाणी घेतलं तर तो साठा होतो."

त्याने मला एक पत्रक दाखवलं. नियम सतरा, पोटनियम ब. मग मदतनिसांनी पाणी मुक्त केलं, म्हणजे टबाचं बूच काढलं. गोटे आणि कुंड्या जागच्या जागी परतल्या. पत्नी ओल्या पायांनी उभी राहून शेवटचा थेंब जाईपर्यंत बघत होती. मी बोलायला हवं होतं. मला अजून त्याची लाज वाटते. पण नियमाला क्रमांक होता.

"हॉटेल दंड करत नाही," अधिकारी मऊ आवाजात म्हणाला. "फक्त दुपारच्या जाणीव सफरीला आपण दोघांनी यायचंय. ज्या पाहुण्यांना पाण्याची किंमत कळत नाही, त्यांच्यासाठी ती सक्तीची आहे. कमी पाण्यात समाधानाने जगणारी माणसं प्रत्यक्ष बघायला मिळतात."

सफर विजेवर चालणाऱ्या बोटीतून होती. एकसारख्या टोप्या घातलेले चौदा पाहुणे, हातात झेंडा घेतलेली मार्गदर्शिका आणि आम्ही. बोट कुठे चालली हे पत्नीला सुटतानाच कळलं असावं, कारण त्या मार्गाची तिकिटं तिनेच तीस वर्षं फाडली होती. मला उतरून चालायला लागल्यावर, तिसऱ्या वळणावर वाकलेला विजेचा खांब पाहून कळलं. तो खांब वाकल्याची तक्रार मीच केली होती.

"या गल्लीत माणूस दिवसाला अवघ्या अठरा लिटरमध्ये जगतो," मार्गदर्शिका म्हणाली. पाहुण्यांनी हळहळून टोप्या काढल्या. "अकरा महिन्यांपूर्वी इथे नळ रोज दोन तास यायचा. फार नासाडी व्हायची. मग आपल्या हॉटेलने पालिकेशी करार करून या लोकांना काटकसरीचं प्रशिक्षण दिलं."

"प्रशिक्षण म्हणजे नेमकं काय केलं?" एका पाहुण्याने विचारलं.

"पाणी कमी केलं."

"आणि वाचलेलं पाणी?"

"ते लॉबीत आपण पाहिलंच."

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, कारण सगळे वाजवत होते. दोन वाजवून झाल्यावर अर्थ डोक्यात शिरला आणि हात तसेच राहिले.

समोरच्या घरातली शिवणकाम करणारी शेजारीण दारात काज करत बसली होती. तिने झेंड्याकडे पाहिलं, टोप्यांकडे पाहिलं आणि मग तिला माझी बायको दिसली.

"अगं, तू हॉटेलात गेली होतीस ना? झाली का एकदाची आंघोळ?"

"नाही गं," पत्नी म्हणाली आणि तिला रडू फुटलं. तीस वर्षं सुट्ट्या पैशांवरून भांडणाऱ्या लोकांपुढे जे फुटलं नव्हतं, ते एवढ्याशा प्रश्नाने फुटलं.

शेजारणीने सुई कापडात खोचली आणि उठली. पुढच्या पंधरा मिनिटांत गल्लीतल्या आठ घरांतून आठ बादल्या निघाल्या. कुणी भांडी तशीच ठेवली, कुणी उद्यावर कपडे टाकले. तीन घरांच्या शेगड्या पेटल्या. आमच्या मोरीतलं निळं पिंप रिकामं करून घासलं गेलं, त्यात ते आठ बादल्या गरम पाणी गेलं आणि माझी पत्नी आत शिरून गुडघे पोटाशी घेऊन बसली. पाणी बरोबर गळ्याला लागलं. शेजारीण हे सांगायला बाहेर आली, तेव्हा तिचाच पदर ओला चिंब होता.

"ही इथली सामूहिक जलदानाची प्राचीन प्रथा आहे," मार्गदर्शिका पाहुण्यांना सांगत होती. पाहुणे आमच्या बंद दाराचे फोटो काढत होते. एक गृहस्थ पुढे आले आणि आत एक फोटो मिळेल का हे विचारण्यासाठी त्यांनी दार वाजवायला हात उचलला.

मी दाराला पाठ लावून उभा राहिलो.

मार्गदर्शिकेने सफरीचं पत्रक माझ्यासमोर धरलं. 'वस्तीतील घरांचे अंतर्गत दर्शन समाविष्ट', कलम चार. नीट छापलेलं होतं, क्रमांकासकट. मी ते दोनदा वाचलं.

"बाई आंघोळ करताहेत," मी म्हणालो आणि पाऊण तास तिथून हललो नाही.

हॉटेलने आमच्याबद्दल राग धरला नाही. उलट पुढच्याच महिन्यात त्यांनी 'पिंपस्नान' नावाची नवी सोय सुरू केली. त्यात टबाशेजारी निळं पिंप ठेवलेलं असतं आणि त्यात बसायचं नसतं. सफरीचा अहवाल रीतसर पालिकेकडे गेला. सदर वस्तीत आठ बादल्या पाणी अतिरिक्त आढळून आल्याची त्यात नोंद होती. आता आमचा नळ सहा वीसऐवजी सहा दहालाच जातो.

ही हकिगत मी आजवर चाळीसेक जणांना सांगितली. कार्यालयात सांगितली, दवाखान्यात रांगेत बसून सांगितली, लेकीच्या सासरीही सांगितली. सगळ्यांनी शेवटपर्यंत ऐकली आणि जिथे हळहळायचं तिथे बरोबर हळहळले. त्या दहा मिनिटांचं तुम्ही काय करता, असं अजून एकानेही विचारलेलं नाही. विचारलं ते एवढंच, की हॉटेलचं नाव काय आणि खोलीतून पाणी दिसतं का.

तुम्हीही आता तेच विचारणार होतात. पाणी दिसतं.