चष्मा गहाण ठेवा, मग पेट्रोल

पेट्रोल भरायला आलेल्या भल्या माणसाच्या नाकावरचा चष्मा काढून घ्यायचा, हा कुठला न्याय? पण नागपुरात, कामठी रोडला इंदोऱ्याच्या पुढे, एका पंपावर हे वर्षानुवर्षं राजरोस चालत होतं. करणारी बाई वर मलाच सुनवायची, "उभे राहा गा मास्तर, नळी निघू द्या आधी."

बाईंचं नाव सुमित्राबाई भोयर. माहेर पारशिवनीकडचं, आवाज शेताच्या या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर पोचणारा. मी सीताबर्डीवरून रोज स्कूटरने कामठीच्या शाळेत शिकवायला जायचो आणि वाटेत हा एकच पंप सोयीचा, म्हणून हा छळ माझ्या वाट्याला आला होता. त्यांचा नियम असा, की पेट्रोलची नळी टाकीत जाण्याआधी गाडीची चावी त्यांच्या कमरेला खोचली गेली पाहिजे. नळी परत मशीनला टांगली की चावी परत. नळी टाकीत असताना कोणी गाडी हाणू नये, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

मोटारवाले कुरकुरत का होईना, चावी देत. पण तेव्हाच्या आमच्या स्कूटरची चावी फक्त हँडलला कुलूप घालायची. ती काढून घेतली तरी किक मारली की गाडी सुरू. हे बाईंच्या लक्षात आलं त्या दिवशी त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत निरखलं आणि म्हणाल्या, "चष्मा गहाण ठेवा." तेव्हापासून मी दर आठवड्याला त्या उन्हात आंधळ्यासारखा उभा, आणि मागे रांगेत कोण हसतंय तेही मला दिसत नसे. ही अरेरावी आहे, असं मी त्यांना स्पष्ट सांगितलं. हो, आहे, असं त्यांनीही स्पष्ट सांगितलं.

ज्याच्यावाचून माणूस पुढे जाणार नाही ते काढून घ्यायचं, यात त्यांचं डोकं भलतं चाले. एकदा लष्करी छावणीची एक जीप वाटेत पेट्रोल संपल्यामुळे तिथे आली. त्या जीपला चावीच नव्हती, नुसतं बटण. बाईंनी ड्रायव्हरची टोपी मागितली. बोडक्या डोक्याने छावणीच्या फाटकात शिरायची त्या जवानाची काय बिशाद? शेजारी बसलेला अफसर इंग्रजीत गरजू लागला, तशी त्याचीही टोपी गेली.

घाई करणाऱ्याला त्यांचा ठरलेला प्रश्न असे: "काहून गा, लगन लागून राहिलं का तिकडं?" एकदा एका ड्रायव्हरने मागच्या सीटकडे बोट दाखवून सांगितलं, की हो, यांचंच. आणि मुहूर्त टळतोय, म्हणून चावी देणार नाही. दुसरी कोणी असती तर ओशाळली असती. या बाईंनी मुंडावळ्यांसकट नवरदेवालाच खाली उतरवलं आणि नळी निघेपर्यंत केबिनमध्ये बापूरावांच्या शेजारी नेऊन बसवलं.

बापूराव म्हणजे त्यांचे यजमान, पंपाचे मालक. काही वर्षांपूर्वी एक ट्रक नळी टाकीत असतानाच निघाला. नळीबरोबर मशीन ओढलं गेलं ते बापूरावांच्या अंगावर. तेव्हापासून डावी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. धुतलेला सदरा घालून, भांग पाडून ते केबिनमध्ये बसत आणि रस्त्याकडे बघत. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळ्यांना वाईटही वाटे. पण खरं सांगतो, ते वाटणं चष्मा नाकावरून निघेपर्यंत टिकायचं.

लोकांनी तक्रारी केल्या आणि एका दुपारी कंपनीचा साहेब आला. मी तिथेच होतो, बिनचष्म्याचा. म्हणून मला साहेब दिसला तो नुसता मोटारीच्या खिडकीतला पांढरा सफारी. त्याने खालीही न उतरता बाईंना झापलं. गिऱ्हाईक म्हणजे चोर नव्हे, हे चाळे आजपासून बंद, नाहीतर पंप दुसऱ्याला देऊ. मीही हेच म्हणत आलो होतो, पण त्याच्या तोंडून ऐकताना माझी तळपायाची आग मस्तकात गेली. पंप गेला तर या दोघांनी खायचं काय? "साहेब, जरा त्या केबिनमध्ये..." एवढं म्हणतोय, तोच बाईंनी माझा दंड घट्ट धरला.

"चावी घेनारच," त्या साहेबाला म्हणाल्या. "पंप न्याचा असन तं न्या."

साहेब तडकून "चलो" म्हणाला. गाडी हलेना. त्याच्या ड्रायव्हरने पेट्रोलसाठी आल्या आल्या चावी देऊन टाकली होती आणि नळी अजून टाकीत होती. तो सगळा वेळ साहेबाला आपला राग धरून बसून राहावं लागलं. पुढे त्याची बदली झाली आणि पंप राहिला, पण हे त्या दुपारी कोणालाच माहीत नव्हतं.

तो गेल्यावर परत मिळालेला चष्मा चढवून मी बाईंवरच भडकलो. बापूरावांकडे बोट दाखवलं असतं तर त्या माणसाची जीभ जागेवर आली असती.

"ते काय दाखवाची वस्तू आहे का?" त्या म्हणाल्या.

मग माझा राग त्या ट्रकवाल्याकडे वळला. खरा गुन्हेगार तो. त्याने साधं मागे वळून पाहिलं नाही, आणि असली माणसं कधी सापडत नाहीत.

"सापडला ना," बाई म्हणाल्या. "सोताच आला होता."

अपघात झाला त्याच दिवशी दुपारी. बापूराव दवाखान्यात, आणि बाई त्यांचे कपडे न्यायला परत आलेल्या. फरशीवरचं रक्त धुऊन झालं होतं. रस्त्यापलीकडे ट्रक उभा राहिला आणि एक पोरगेलासा ड्रायव्हर तुटकी नळी दोन्ही हातांवर घेऊन आला. कामठीच्या पुढे चहाला उतरला तेव्हा त्याला ती टाकीत लोंबताना दिसली होती, म्हणून भरला ट्रक वळवून तो परत आला होता. पडलेल्या मशीनकडे बघत त्याने विचारलं, "माँजी, किसी को लगा तो नहीं?"

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"म्या म्हटलं, नाही बाप्पा, कोणाले नाही लागलं. मशीन पडली फक्त. जाय."

"काहून?" रागाने माझ्या तोंडून सरळ नागपुरीच निघालं. "काहून सोडलं त्याले? त्याले कळाले नको होतं?"

सुमित्राबाईंनी केबिनकडे पाहिलं. बापूराव रस्त्याकडे बघत होते.

"त्याले त्याच राती जबलपूर गाठाचं होतं," त्या म्हणाल्या. "मंधात कुरईचा घाट. स्टेरिंगवर हात थरथरले असते ना गा त्याचे."