गजाला चिकटवलेला कान

देवराव गावंडे यांना नऊ वर्षांनी ऐकू यायला लागलं आणि पुढच्या पंधरा दिवसांत त्यांच्या ओट्यावर येणारी माणसं बंद झाली. यात डॉक्टरांचा दोष नाही, मशीनचा तर मुळीच नाही. दोष असलाच तर अकोल्याच्या मोठ्या उमरीतल्या त्या गल्लीचा. तिला नऊ वर्षं एक बहिरा माणूस फुकटात वापरायची सवय लागली होती.

देवराव एका कापसाच्या जिनिंग कारखान्यात फिटर होते. तीस वर्षं त्या धडधडीत उभं राहून कान गेले ते गेले. आधी हळू बोललेलं जायला लागलं, मग ओरडलेलंही जायला लागलं, मग काहीच उरलं नाही. बायको रुख्मिणी होती तोवर हातवाऱ्यांवर संसार चालला. ती सहा वर्षांपूर्वी गेली. मुलगा किशोर पुण्यात. घराला दोन खोल्या, पुढे ओटा, आणि ओट्यावर रोज देवराव.

त्यांच्याकडे माणसं यायची ती का यायची, हे एकदा नीट समजून घ्या. ज्याला काहीच ऐकू येत नाही, त्याच्यापुढे काहीही बोलता येतं. भिंतीला कान असतात म्हणतात, इथे तीही भानगड नव्हती. रिटायर मास्तर किसनराव यायचे आणि आपण साखरेचा आजार असून रोज बसस्टँडजवळ कचोरी खातो, हे सुनेपासून लपवलेलं दुःख सांगून मोकळे व्हायचे. वीज मंडळातून निवृत्त झालेले धर्मपाल यायचे. त्यांची मुलगी बंगळुरूला बोलवायची, विमानाचं तिकीट काढते म्हणायची, आणि हे गृहस्थ विमानाला घाबरून दरवर्षी गुडघ्याचं निमित्त सांगायचे. समोरच्या दुर्गाबाई दुपारी भाजी निवडायला यायच्या आणि निवडून झाली तरी बसायच्या. देवराव प्रत्येकाच्या तोंडाकडे बघायचे, तोंड थांबलं की "हाव, चालते" म्हणायचे आणि चहा ठेवायचे. एवढ्यावर गल्लीत त्यांचा मोठा समजूतदार माणूस म्हणून लौकिक झाला होता. त्यांना त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. पण घरात एकटं बसलं की त्यांना करमायचं नाही, आणि समोर कोणाचं तरी तोंड हलत असलं की बरं वाटायचं.

दिवाळीला किशोर आला आणि बापाला अमरावतीला नाक-कान-घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. बाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. कानाच्या मागचं हाड थोडं कोरून आत शंखासारखा भाग असतो तिथे बारीक तार बसवायची, आणि बाहेरून डोक्याला एक गोल बटण लावायचं. आत एक लोहचुंबक, बटणात एक, त्यामुळे ते आपोआप चिकटून राहतं. ऑपरेशन झालं. महिन्याभरानं बटण सुरू केलं तेव्हा पहिल्यांदा किशोरचा आवाज डब्यात खडे हलवल्यासारखा आला. बाई म्हणाल्या, धीर धरा, मेंदूला सवय होईल. झालीही. तीन महिन्यांत देवरावांना नळ गळतो तो, कुकरची शिट्टी, स्वतःच्या चपला, सगळं ऐकू यायला लागलं. आणि तोवर घरूनच काम करत थांबलेला किशोर पुण्याला परत गेल्यावर घरात कोणी बोलत नाही, हेही पहिल्यांदाच ऐकू यायला लागलं.

किशोर घरी होता तोवर ओट्यावर कोणी फारसं टेकलं नव्हतं, आणि गल्लीला एवढंच माहीत होतं की देवरावांच्या कानाचं कसलंतरी ऑपरेशन झालं. बटण टोपीखाली झाकलेलं, त्यामुळे कोणाला दिसलं नाही. देवरावांचंही चुकलंच. पहिल्या दिवशी सांगून टाकायला हवं होतं. पण किसनराव ओट्यावर टेकले आणि कचोरीची चटणी आता पहिल्यासारखी राहिली नाही असं सांगायला लागले, तेव्हा देवरावांना इतका आनंद झाला की मध्ये बोलवेना. नऊ वर्षं ज्या तोंडाकडे बघितलं त्यातून हे निघत होतं तर. ते सवयीनं "हाव, चालते" म्हणाले आणि पुढचं ऐकायला सरसावून बसले. असे चार दिवस गेले.

पाचव्या दिवशी धर्मपाल बोलत होते. विमानाचं नाव काढलं तरी हाताला घाम येतो, असं चाललं होतं. तेवढ्यात पुण्याहून किशोरचा फोन आला. या नव्या मशीनची गंमत अशी की फोन कानाला लावावा लागत नाही, खिशातल्या खिशात राहतो आणि आवाज थेट डोक्यात उतरतो. किशोर विचारत होता, की ऐकू येतं ना, आणि दवाखान्याचे सगळे रिपोर्ट मोबाईलवर पाठवता का. देवराव गडबडले. टोपी काढली, बटण चाचपलं आणि समोर बघत मोठ्यानं बोलले.

"हाव, सगळं ऐकू येऊन राहिलं. पयल्यापासूनचं सारं जपून ठेवलं हाय म्या. आजच पाठवतो तुले."

धर्मपालांनी बघितलं ते असं: देवराव कोणाशीही बोलत नाहीत तरी बोलत आहेत, आणि त्यांच्या डोक्यावर हिरवा दिवा लुकलुकतो आहे. ते अर्धा चहा टाकून उठले. तीस वर्षं खांबावर चढलेला माणूस, पण घरी पोचेपर्यंत चप्पल एका पायात राहिली होती.

दिवेलागणीपर्यंत गल्लीत बातमी पसरली की देवरावांच्या डोक्यात रेकॉर्डिंगचं मशीन बसवलं आहे आणि ते पुण्याला पाठवतं. दुसऱ्या दिवशी तिला तिखटमीठ लागलं. बहिरेपण नऊ वर्षांचं, म्हणजे साठाही नऊ वर्षांचा असणार. किसनरावांनी मनातल्या मनात कचोऱ्यांचा हिशोब मांडला आणि त्यांना दरदरून घाम फुटला.

ओटा ओस पडला. देवराव चहाचं आधण ठेवायचे आणि उतरवायचे. जाणारे-येणारे लांबूनच "ऊन हाय आज" म्हणून पुढे सटकायचे. नऊ वर्षांनी कान आले आणि ऐकायला मिळालं काय, तर ऊन. शेवटी ते स्वतः उठून किसनरावांकडे गेले. किसनरावांनी खुर्ची दिली, स्वतः ताठ बसले आणि देवरावांच्या तोंडाकडे न बघता डोक्याकडे बघत आकाशवाणीवर बोलावं तसं बोलले, की आपल्या सुनेसारखी सून उभ्या वऱ्हाडात नाही आणि आपण तळलेलं खात नाही. तिथून ते धर्मपालांकडे गेले. धर्मपाल बटणाच्या अगदी जवळ येऊन म्हणाले की विमानाचा प्रवास म्हणजे आपला जीव की प्राण, पण करता काय, गुडघा.

देवरावांनी परोपरीनं सांगितलं की हे फक्त ऐकतं, साठवत नाही. लोक मान डोलवायचे आणि विषय बदलायचे.

ओटा ओस पडल्याच्या आठव्या दिवशी त्यांनी अमरावतीची एसटी धरली. डॉक्टरीणबाईंनी आनंदानं विचारलं की ऐकणं कसं आहे. देवराव म्हणाले, कमी करून द्या. बाईंना वाटलं आवाज कर्कश येत असेल. त्यांनी संगणकावर काहीतरी खालीवर केलं. देवराव म्हणाले, अजून कमी. बाईंनी हात थांबवला.

"काका, माझ्याकडे लोक जास्त ऐकू यावं म्हणून येतात. तुम्हाला नेमकं किती कमी हवं?"

"बाई, मले काईच आयकू येत नोतं तवा रोज माणसं येत होती," देवराव म्हणाले. "आता सुई पडली तं समजते, पण बसाले कोणी येत नाई. पयलेसारखं करून द्या."

बाईंनी संगणक बाजूला सारला. मग म्हणाल्या, याहून कमी करता येणार नाही, पण बटण काढून ठेवलं की तुम्ही पहिल्यासारखेच. आणि त्यांनी लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी लिहून दिलं की सदर यंत्रात आवाज साठवण्याची कोणतीही सोय नाही. देवराव तो कागद छातीशी धरून आले. किसनरावांनी चष्मा लावून दोनदा वाचला. मास्तरच ते.

"देवरावभाऊ, मशीन साधी असती," ते म्हणाले, "तं डॉक्टरले लिहून काहून द्या लागलं असतं?"

कागदानं होता तो विश्वासही गेला. त्या संध्याकाळी देवरावांनी बटण डोक्यावरून काढलं आणि रस्त्यावरून सगळ्यांना दिसेल असं खिडकीच्या लोखंडी गजाला चिकटवून ठेवलं. दुकान उघडं आहे की बंद, हे लोकांना लांबून कळायला हवं ना. दोन दिवसांनी किसनराव आले. आधी गजाकडे बघितलं, बोटानं बटण हलवून बघितलं, मग टेकले. तिसऱ्या दिवशी धर्मपाल आले. ओटा पुन्हा भरला. तोंडं हलायला लागली, चहा होऊ लागला, "हाव, चालते" सुरू झालं.

पण देवरावांना ते पूर्वीसारखं गोड लागेना. पूर्वी माहीत नव्हतं, आता माहीत झालं होतं. समोर माणूस बसलेला असून आपण एकटेच आहोत, हे त्यांना चहा ओतताना इतकं जाणवायचं की एक दिवस कप भरून बशीही भरली. किसनराव बोलतच राहिले.

दुर्गाबाई मात्र आल्या नव्हत्या. त्या आल्या एका दुपारी, आणि भाजी न घेता. बसल्या नाहीत. सरळ खिडकीशी गेल्या, गजावरचं बटण उपटलं आणि देवरावांच्या हातात दिलं. लावा, अशी खूण केली. देवरावांनी लावलं.

"आता आयकू येऊन राहिलं काय?" दुर्गाबाई इतक्या मोठ्यानं बोलल्या की ओट्याखालचं कुत्रं उठून गेलं.

"हाव."

"मंग आयका. मले दोन वर्षांपासून कमी आयकू येते. घरी कोणालेच सांगतलं नाई. तुमचं पाहूनच शिकली मी, कोणी काई बोललं की हाव म्हणाचं, चालते म्हणाचं. अन् परवा सून काईतरी बोलली, मी म्हटलं हाव, चालते. आज पायतो तं माही बॅग भरून ठेवली. चार महिने नागपूरले मोठ्या पोराकडं जाले मी हो म्हटलं म्हणते."

देवरावांच्या तोंडून सवयीनं "हाव, चा—" एवढं निघालं. दुर्गाबाईंनी हात वर केला.

"तसं नोका म्हणू. तुमच्यापाशी बरं वाटे मले. तुमाले आयकाव लागत नोतं अन् मलेई नाई. पण आता तुमाले येते ना? मंग बोला काईतरी."

देवराव बोलायला गेले आणि त्यांच्या लक्षात आलं की सहा वर्षांत आपण कोणाशी मनातलं बोललेलोच नाही. इतकी माणसं येत होती, ती सांगायला येत होती. विचारायला कोणी आलं नव्हतं. त्यांनी तेच सांगितलं. रुख्मिणी गेली त्या दिवसाचं सांगितलं, संध्याकाळ झाली की भीती वाटते ते सांगितलं, अमरावतीला जाऊन कान परत द्यायला निघालो होतो तेही सांगितलं. दुर्गाबाईंना ऐकू यावं म्हणून ते ओरडून सांगत होते. मध्ये किसनरावांची कचोरी आली, धर्मपालांचं विमान आलं. गल्लीतली सगळी दारं उघडली. नऊ वर्षांचं साठलेलं, कोणत्याही मशीनशिवाय, तासाभरात चौकापर्यंत पोचलं.

दुर्गाबाईंची सून गीतांजली धावत आली. तिनं सासूला विचारलं की आई, तुम्ही मला का नाही सांगितलं. दुर्गाबाईंना ते ऐकू आलं नाही. देवरावांनी ओरडून पोचवलं. नागपूरचं रद्द झालं. किसनरावांच्या सुनेनं त्या रात्री नुसती उकडलेली भाजी वाढली, आणि कोणीतरी फोनवर कळवलं म्हणून धर्मपालांच्या मुलीनं रेल्वेचं तिकीट काढलं. म्हणजे धर्मपालांचं तसं बरंच झालं, पण त्यांनी ते कबूल केलं नाही. आठवडाभर ओट्यावर ते आणि किसनराव दोघेही फिरकले नाहीत.

आठवड्यानं देवराव दुर्गाबाईंना घेऊन अमरावतीला गेले. डॉक्टरीणबाईंनी काचेच्या खोलीत बसवून कान तपासले आणि सांगितलं की ऑपरेशनची गरज नाही, कानात बसवायचं साधं यंत्र पुरेल, सगळं नीट ऐकू येईल. घरच्यांचं, टीव्हीचं, फोनवरचं.

देवराव खाली बघत बसले. सगळं ऐकू यायला लागलं की दुर्गाबाईंना घर होतं, सून होती, टीव्ही होता. मग आपल्या ओट्यावर यायचं त्यांना काय कारण उरणार, हे देवरावांना काही सुचेना.

"काय म्हणून राहिल्या बाई?" दुर्गाबाईंनी ओरडून विचारलं.

देवरावांनी एकदा डॉक्टरीणबाईंकडे बघितलं आणि दुर्गाबाईंच्या कानाशी वाकले.

"मशीन लावा म्हणते. पण नुसती लावून गुण येत नाई म्हणते. रोज दुपारी अर्धा घंटा शेजाऱ्याशी बोलाव लागन."

दुर्गाबाईंनी डॉक्टरीणबाईंकडे बघितलं, की खरं का. बाईंनी चिठ्ठी पुढे ओढली, देवरावांचा 'अर्धा घंटा' खोडल्यासारखा हवेत पेन फिरवला आणि लिहिलं, 'रोज एक तास.'