पाकिटाची मागची बाजू

रविवार, सकाळी साडेदहा. सोसायटीची मासिक बैठक, पार्किंगमध्ये. हजर: अध्यक्ष, खजिनदार, सचिव म्हणून मी, आणि दुसऱ्या मजल्यावरचे साळवे काका व साळवे काकू. काकू तेव्हा होत्या. विषय: पाण्याची टाकी.

टाकीचा विषय निघायच्या आधीच खजिनदारांनी चहाबरोबर बटाट्याचे चिप्स ताटलीत ओतले आणि रिकामं पाकीट कचऱ्याच्या डब्यात टाकलं. काका उठले. डब्यात हात घालून त्यांनी पाकीट बाहेर काढलं, रुमालानं पुसलं, चष्मा चढवला आणि मागची बाजू मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. ऊर्जा, कर्बोदकं, साखर, चरबी, सोडियम.

"एका वाढणीला सोडियम कमी दिसतं. पण वाढणी केवढी? वीस ग्रॅम! वीस ग्रॅमवर थांबलेला माणूस दाखवा मला."

सगळ्यांनी खजिनदारांकडे पाहिलं. त्यांचा हात ताटलीतच होता.

"अहो, टाकीचं बघा आधी," काकू म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "टाकीवर मागून काही छापलेलं नसतं ना, म्हणून यांना तिच्यात रस नाय."

काकांची सारी नोकरी सिल्लोडला, कापसाच्या जिनिंगमध्ये, वजनकाट्यावर गेली. कापसाची गाडी आली की ओल किती, कचरा किती हे पाहून मग वजन धरायचं. निवृत्त होऊन ते हर्सूलला आमच्या सोसायटीत राहायला आले, पण आलेल्या मालावर संशय घ्यायची सवय सोबत आली. चिप्सचं पाकीट ते आधी कानाशी हलवत, मग दाबून पाहत. "निम्मी हवाच हाय. आमच्याकडं असा माल आला असता तर गाडी परत गेली असती."

शेव नाही, बिस्किटं नाहीत, चिप्सच का, हे मला उशिरा कळलं. काकूंच्या किडन्या अशक्त होत्या. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं होतं. काकूंनी लोणचं सोडलं, पापड सोडला. संध्याकाळी मालिका बघताना खायचे चिप्स मात्र सुटेनात. काका फार मागं लागले की त्या म्हणत, "सगळंच सोडलं. आता राहिले तुम्ही आणि चिप्स. कुणाला सोडू, सांगा."

त्यामुळे काका दुसरी वाट शोधत होते. कोपऱ्यावरच्या रफीकभाईंच्या दुकानात ते तासभर उभे राहायचे, एकेक पाकीट उलटं करून सर्वांत कमी मिठाचं हुडकत. रफीकभाई वैतागून म्हणायचे, "काका, खाने की चीज है, इम्तिहान नहीं है."

"इम्तिहानच हाय, रफीकभाई. आणि तुमच्या दुकानातलं एक पाकीट पास व्हईना."

एकदा गच्चीवर काहीतरी वाळत घातल्याची तक्रार माझ्याकडे आली. वर जाऊन बघते तर जुन्या साडीवर ओळीनं चिप्स मांडलेले आणि काका हातात काठी घेऊन कावळे हाकतायत.

"काका, हे काय?"

"मीठ उतरवलं, ताई. तीन पाण्यातून काढले."

ते चिप्स काकूंनी तोंडात घातले आणि लगेच बाहेर काढले. "चिप्स हायत का भिजलेला पुठ्ठा?"

मग काकांनी स्वतः तळायला घेतलं. बटाट्याच्या पातळ चकत्या, मीठ अजिबात नाही, वरून लिंबू आणि जिऱ्याची पूड. पण काकूंना खरी मजा पाकीट फोडण्यात वाटायची. म्हणून काका रफीकभाईंकडून तोंडाशी फाटलेली, कंपनीला परत जाणारी पाकिटं आणायचे, आतून पुसायचे, घरचे चिप्स भरायचे आणि तोंड इस्त्रीनं चिकटवायचे. शेजारीण म्हणून मी दोनदा पाकिटं चिकटवून दिली आहेत. इस्त्री जास्त तापली की पाकीट आक्रसतं.

काकू मला एकदा जिन्यात हळूच म्हणाल्या, "अगं, पाकिटाला इस्त्रीचा वास येतो. मला कळत नाय व्हय? आणि चकत्या मधून कच्च्या राहतात. पण मी पाकीट कशी फोडते ते बघायला हे दाराआड उभे असतात. मग फोडते अन् सगळं खाते."

सगळं म्हणजे सगळं. रोज.

पावसाळा सरताना काकूंच्या पायातली शक्तीच गेली. उठताच येईना. रिक्षातून मीच दोघांना दवाखान्यात घेऊन गेले. तपासण्या झाल्या आणि दुसऱ्या दिवशी आहार ठरवून देणाऱ्या मॅडम आल्या. त्यांनी विचारलं, रोजचं खाणं काय? काका याच प्रश्नाची वाट पाहत असल्यासारखे पुढं झाले.

"मीठ एक कण नाय, मॅडम. चिप्ससुद्धा मी स्वतः तळतो. बिनमिठाचे."

"कशाचे?"

"बटाट्याचे. रोज ताजे."

मॅडम लिहिता लिहिता थांबल्या. किडनी अशी झाली की मिठाइतकंच पोटॅशियमही जपावं लागतं, त्या सांगू लागल्या. काकूंच्या रक्तात ते फार वाढलंय. आणि बटाट्यात ते भरपूर असतं.

काकांनी सदऱ्याच्या खिशातून घडी केलेलं पाकीट काढलं. वरून खाली वाचलं, पुन्हा वाचलं. "यावर तर नाय."

"यावर बहुतेक नसतंच छापलेलं, काका."

कॉटवरून काकू म्हणाल्या, "जाऊ द्या हो, मॅडम. यांना काय माहीत." आवाज क्षीण होता, पण तेव्हाही त्या काकांचीच बाजू घेत होत्या.

त्या वेळी काकू बऱ्या होऊन घरी आल्या. चिप्स बंद झाले. काका भाज्या उकळून पाणी फेकून द्यायला शिकले. पण थंडीत काकूंना छातीत कफ झाला, श्वास लागला, आणि आठवडाभरात त्या गेल्या.

काकूंच्या पुण्यानुमोदनाला बुद्धवंदना झाली, पाहुणे जेवून गेले. मी पातेली मोजून केटररकडे परत करत होते. काका शेजारी येऊन उभे राहिले.

"ताई, चिप्सनंच गेली ना ती?"

मी म्हटलं, तो आजार वेगळा होता. ते म्हणाले, "तुम्ही डॉक्टर नाय." बरोबर होतं. काकू चिप्स कशासाठी संपवत होत्या, हे तर मी त्यांना कधीच सांगणार नाही. पण डॉक्टरांना विचारता येतं. मी फोन केला. डॉक्टर म्हणाले, फाईल घेऊन कुठल्याही बुधवारी या, मी समजावून सांगतो. मला वाटलं, अर्ध्या तासाचं काम आहे.

पहिल्या बुधवारी काकांना पाहुणे येणार होते. नंतरच्या बुधवारी गुडघा दुखत होता. काल मी विचारायच्या ऐवजी सरळ फाईल पिशवीत घातली, स्कूटी काढली आणि खाली उभी राहिले. काका उतरले. स्वच्छ सदरा घातला होता, केस विंचरले होते. स्कूटीवर बसायला त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तसेच थांबले.

"ताई, डॉक्टर व्हय म्हणाले तर?"

मी स्कूटी बंद केली. मग ते वर गेले.

फाईल माझ्याकडे आहे. डॉक्टरांना विचारायचं राहिलं आहे.