शकूआत्याचा इंटरव्ह्यूचा क्लास

आमच्या घरी कोणीही आलं की शकूआत्या त्याला पुन्हा बाहेर पाठवायची. मग तो गॅसचं सिलिंडर आणणारा असो, नाहीतर लग्नाची पत्रिका द्यायला आलेला दूरचा पाहुणा असो. माणूस चार पावलं आत आला की आत्या शिलाई मशीनवरून मान वर करून म्हणायची, “असं नाई. बाहीर जा, अन् नीट ये.” सिलिंडरवाला बिचारा खांद्यावरच्या ओझ्यासकट मागे वळायचा, दारावर टकटक करायचा, “मे आय कम इन, दीदी?” म्हणायचा. मग आत्या खूश. “हव! आता कसं साजरं वाटलं!” वडिलांचे एक साहेब मात्र बाहेर गेले ते गेलेच.

शकूआत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. वडील रेल्वेच्या मालधक्क्यावर कामाला होते, म्हणून आम्ही रायपूरच्या गुढियारीत राहायचो आणि आत्या आमच्याकडे. तिचं लग्न झालेलं नव्हतं. ब्लाउज शिवणं हा तिचा धंदा आणि पोरापोरींची इंटरव्ह्यूची तयारी करून घेणं हा छंद. धंद्यापेक्षा छंदच जोरात चालायचा. राज्य नवीन, राजधानी नवीन, रोज कुठलं तरी नवं कार्यालय उघडायचं आणि आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, घराघरात एक तरी उमेदवार शर्टाला इस्त्री करून बसलेला असायचा. आत्याने स्वतः जन्मात कधी नोकरीचा इंटरव्ह्यू दिला नव्हता. पण हे तिला विचारायचं कोणाला सुचलं नाही, कारण ती बोलायचीच इतक्या खात्रीने.

क्लास दुपारी भरायचा. आत्या खुर्चीत बसायची. उमेदवाराने दार वाजवून आत यायचं ते हातात पोह्यांची बशी घेऊन. इंटरव्ह्यू घेणारे पोहे खाल्ल्याशिवाय प्रश्नच विचारत नाहीत, अशी तिची पक्की समजूत होती. पावलं हळू टाकायची. धपधप चालायचं नाही. खुर्चीच्या अर्ध्याच भागावर टेकायचं. मान खाली. समोरच्याच्या शर्टाच्या खालच्या बटणावर नजर ठेवायची, त्याच्या वर न्यायची नाही. विचारलं तेवढंच सांगायचं. आणि हसायचं तर बिलकूल नाही. “दात दिसले का गेली नोकरी,” ती सांगायची. आवडीनिवडी विचारल्या तर उत्तर ठरलेलं होतं: विणकाम, भरतकाम आणि भजन.

मुलांनाही हेच उत्तर. शेजारचा बबलू चौकीदाराच्या जागेसाठी गेला होता. सहा फूट उंच, दंडावर बजरंगबलीचा गोंदवलेला फोटो. साहेबांनी विचारलं, शौक क्या है? बबलूने मान खाली घालून सांगितलं, “जी, बुनाई, कढ़ाई और भजन.” म्हणे साहेब इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. आणि बबलूला नोकरी लागली! त्या दिवसापासून आत्याच्या नावाचा असा काही बोलबाला झाला की शिवायला टाकलेले ब्लाउज दिवाळीचे होळीला मिळू लागले.

मी बी.ए. झाले, कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि नव्या रायपूरच्या एका कार्यालयातून मला बोलावणं आलं. वडील निवृत्तीला आलेले. रेल्वेचं क्वार्टर सोडायची वेळ जवळ आली होती, आणि त्यांच्यानंतर घरात कमावणारं कोणीच नव्हतं. ती नोकरी मला हवीच होती. आत्याने मला सकाळ-संध्याकाळ घोटून घेतलं. आई एकदा स्वयंपाकघरातून म्हणाली, “वन्सं, पोरगी नोकरीले जाऊन राहिली का तिले पाहाले येऊन राहिले?” आत्याने ऐकूनही न ऐकल्यासारखं केलं. मी हसले, तर मला बाहेर जाऊन पुन्हा आत यावं लागलं.

इंटरव्ह्यू अगदी आत्याच्या शिकवणीबरहुकूम झाला. त्या कार्यालयाची फरशी कशी होती ते मी आजही सांगू शकते. माणसं कशी होती ते सांगता येणार नाही, कारण मी ती पाहिलीच नाहीत. शेवटी एका बाईंचा आवाज म्हणाला, “ठीक है, आपको बता देंगे.”

घरी येऊन हे सांगितलं मात्र, आत्याचा चेहरा उतरला. “कळवतो म्हणाले?” तिने विचारलं. “कळवतो म्हनजे कधी? कोन कळवते?” त्यानंतर ती रोज पोस्टमनला अडवायची, अर्थात आधी बाहेर पाठवून. काही आलं नाही. मग बातमी कळली की ती जागा दुसऱ्याच मुलीला मिळाली. मी उशीत तोंड खुपसून रडले. घरात सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागले, त्याचा तर मला फारच राग यायचा.

एका सकाळी आत्या इस्त्रीची साडी नेसून समोर उभी. “चाल.”

“कहाँ?” मी वैतागून हिंदीतच विचारलं.

“विचाराले. काहून नाई घेतलं ते विचारून येऊ.”

मी लाख विनवण्या केल्या. असं कोणी विचारत नाही, लोक हसतील, पुन्हा तिथे तोंड दाखवायची सोय राहणार नाही. आत्या ढिम्म. बसने आम्हाला एका रुंद रस्त्यावर सोडलं. रस्ता एवढा मोठा आणि त्यावर चालणाऱ्या आम्ही दोघीच. उन्हात चालताना मी आत्याला मनातल्या मनात जे जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

इंटरव्ह्यूत ज्यांचा आवाज ऐकला होता त्या मॅडम कार्यालयातच भेटल्या. भल्या होत्या. मला पाहताच म्हणाल्या, “अरे, आप वही हैं ना, जो पूरे टाइम नीचे देखती रहीं?” त्यांनी आम्हाला बसवलं, पाणी मागवलं आणि सगळं मोकळेपणाने सांगितलं. मार्क चांगले होते, टायपिंग चांगलं होतं. पण जागा होती बाहेरच्या खिडकीवरची, येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलायची. मी एकदाही कोणाकडे पाहिलं नाही. प्रत्येक प्रश्नाला ‘जी’ आणि ‘जैसा आप कहें’. एक साहेब विनोद करत होते तर मी तोंड मिटून बसले. “अगली बार सिर उठाकर बात करना, बेटा. बस इतनी सी बात थी.”

आत्या पदर सावरून पुढे सरकली. “और?”

“और कुछ नहीं, माताजी.”

“रंग का तो कुछ नई था ना?” आत्याने विचारलं. “सावली है जरा. और उंची?”

मॅडम गोंधळून माझ्याकडे पाहू लागल्या. “रंग? नौकरी में रंग का क्या काम?”

मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि मी आत जावं. पण आत्या मात्र शाळेतल्या पोरीसारखी डोळे मोठे करून ऐकत होती.

परतीच्या बसचा पत्ता नव्हता. आम्ही थांब्यावर बसलो. मी भडकलेलीच होते. म्हटलं, “आत्या, तुमीच मले मान खाली घालाले शिकवलं. कुठून शिकल्या तुमी हे सगळं?”

“मले पाहाले आले होते ना लोकं,” ती म्हणाली. “पयले आले, पोहे खाल्ले, कळवतो म्हनून गेले. काई कळवलं नाई. मले वाटलं, माही चाल धपधप हाये. मंग मी हळू चालाले लागली. दुसरे आले, थेही तसेच गेले. मले वाटलं, मी हासली म्हनून असन. मंग हासनं बंद केलं. मंग वाटलं, मी वर पाह्यलं म्हनून. दरवेळी अंदाजानंच काई ना काई दुरुस्त करत गेली.”

“कोणाले विचारलं नाई?”

“तुह्या आजोबाले म्हटलं होतं, एकडाव विचारा तरी. तर म्हने, पोरीच्या बापानं कारन विचारू नये, बरं दिसत नाई.” तिने पदराने तोंडावरचा घाम पुसला. “अन् ह्या बाईनं पाह्य कशी धडाधड सांगून टाकलं. विचारलं का सांगतात वं! मले मालूमच नव्हतं.”

मला तेव्हा आत्याचा एवढा कळवळा आला आणि त्या पोहे खाऊन गेलेल्या सगळ्या लोकांचा एवढा राग आला की नोकरी हुकल्याचं दुःख कुठल्या कुठे पळालं.

महिनाभराने दुसऱ्या एका कार्यालयातून बोलावणं आलं. तिथे मी मान वर करून बोलले, एकदा तर चांगली खळखळून हसले आणि ती नोकरी मला लागली. पण हे नंतरचं. त्या इंटरव्ह्यूच्या आदल्या दुपारी मी तयारीसाठी आत्यासमोर उभी राहिले, तर ती खुर्चीवरून उठली.

“तू बस इथं,” ती म्हणाली. “आज मी येतो.”

मला आधी वाटलं गंमत करते आहे. पण ती खरंच माझ्यासमोरच्या स्टुलावर येऊन बसली. ऐसपैस, हात मांडीवर, आणि नजर थेट माझ्या डोळ्यांत. मी नाव विचारलं. तिने वडिलांच्या नावासकट पूर्ण सांगितलं.

“काय काय येतं?”

“ब्लाउज शिवाले येते. आंब्याचं लोणचं. भांडाले येते.”

“कशाची आवड?”

“लोकायच्या पोरायले नोकऱ्या लागलेल्या पाहाची.”

ती पुढच्या प्रश्नाची वाट पाहत होती. केसांची पांढरी बट कपाळावर आली होती, तीही तिने मागे सारली नाही.

“पसंत आहे,” मी म्हटलं.

आत्या माझ्याकडे पाहतच राहिली.

“काहून?” तिने विचारलं.

मी एकेक करून सांगायला लागले. मी भराभर बोलत होते. तिने माझा हात धरला.

“हळू सांग वं,” ती म्हणाली. “मले नीट आयकू दे.”